हलके सर

आमच्या शाळेत खेळाचे एक शिक्षक होते, ते पुस्तक वाचता वाचता फाडायचे. रागानं नाही. वाचून झालेली पानं उगाच कशाला वागवायची, म्हणून. वडीगोद्रीहून घनसावंगीकडे येणाऱ्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसायचे, मांडीवर एखादी कादंबरी. तीर्थपुरी येईपर्यंत जेवढी पानं वाचून व्हायची तेवढी शिवणीपासून अलगद सोडवून माझ्या हातात द्यायचे. "घ्या मॅडम, माझं झालं."

मी मराठीची शिक्षिका. पहिल्यांदा मी ती पानं परत पुस्तकात खोचू पाहिली. पुढं सवय झाली. दोन वर्षांत मी अशा सात-आठ कादंबऱ्या सुट्या पानांनी वाचल्या, त्यांच्यामागं एकेक दिवस राहून. एका कादंबरीचा शेवट मला अजूनही माहीत नाही. त्या दिवशी मी रजेवर होते आणि शेवटची पानं त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला देऊन टाकली. ड्रायव्हरनं त्या पानांनी समोरची काच पुसली.

हजेरीपटावर त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण मुलं त्यांना हलके सर म्हणायची. नवीन आलेल्या कारकुनाला ते खरंच आडनाव वाटलं आणि त्यानं ओळखपत्रावर तसं छापून आणलं. सरांनी चूक दाखवली नाही. गळ्यात घालायची पट्टी कापून टाकली, प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि आतला कागद तेवढा खिशात ठेवला.

त्यांच्याकडं कुठलीच वस्तू पूर्ण नव्हती. पेन्सिल अर्धी. कंगवा अर्धा. दात घासायच्या ब्रशची दांडी कापलेली. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवलेली. डबा आणायचे नाहीत, ठेचा लावलेली भाकरी गुंडाळी करून कागदात आणायचे आणि खाऊन झाली की तो कागद भाकरीसारखाच घडी घालून खिशात टाकायचे. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सर, शासन तुम्हाला पूर्ण पुस्तक देतं, तुम्ही वर्गात एक धडा फाडून घेऊन जाता, हे बरं दिसतं का?" सर म्हणाले, "आज त्येवढाच शिकवायचाय." मुख्याध्यापकांनी परत रजिस्टरात डोकं घातलं. त्यांना कुणाशीच फार बोलायचा उरक नव्हता. मलाही नसतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. शिकवण्यापेक्षा मोबाइलवर माहिती भरण्यात दिवस जातो, आणि संध्याकाळी जीपमधून उतरलं की गुडघे माझे नसल्यासारखे वाटतात. अशा वेळी हा माणूस आठवतो, का ते सांगता येत नाही.

आठवीची सहल एकदा पायी जांब समर्थला काढली होती. निघण्याआधी सरांनी मैदानावर सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. प्रत्येक वस्तू उचलायचे आणि विचारायचे, "हे कशाला?" दोन-दोन पाण्याच्या बाटल्या, तीन स्वेटर, फरसाणाची बरणी, सगळं बाहेर. एका मुलीच्या पिशवीत भलं मोठं कुलूप निघालं. पोरं हसली. ती म्हणाली, "आमचे दादा दाराला कुलूप लावून निघून जातेत, मंग मी बाहेरच बसते. म्हणून मी कुलूपच आणलंय." सरांनी ते हातात तोलून पाहिलं, तिच्या पिशवीत परत ठेवलं आणि वरून तिचा टॉवेल नीट घातला. म्हणाले, "हे लागतं."

हा माणूस कोण, हे मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या वडिलांकडून कळलं. वडिलांचं वडीगोद्रीत हायवेला लागून शिवणकामाचं दुकान. मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. भिंतीवर एक फोटो होता, सगळा पांढरा कडा आणि त्यावर मुंगीएवढा ठिपका. मी विचारलं, "हे काय?"

"आमचा पोरगा हाय तो," म्हातारे म्हणाले. "मी बी चष्मा लावूनच वळखतो."

मग सुई-दोरा बाजूला ठेवून बोलत बसले. "लगीनसराई होती, मॅडम. इथं नवरदेवाचे कपडे पडलेले, अन् हा माझ्या मशीनवर तंबू शिवून राह्यला. म्या म्हनलं, किती मानसं मावतेत? म्हने दोन, ते बी कुशीवर. मंग शेजारच्या किराण्याच्या काट्यावर ठिवला. पावणेदोन किलो भरला तर पोरगं रडकुंडीला आलं. समदा उसवला अन् परत शिवला. दीड किलो झाला तवा जेवला."

कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिराला ते उत्तरेकडं गेले आणि एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ पाहिला. मग डोंगर चढायचं रीतसर शिक्षण घेतलं, तिकडंच शिकवायला लागले. मोठमोठ्या मोहिमांबरोबर गेले. चाळीस-पन्नास हमाल, स्वयंपाकी, खालपासून वरपर्यंत बांधलेले दोर, महिना-दीड महिना मुक्काम. त्याचा त्यांना कंटाळा आला. मला एकदा जीपमध्ये म्हणाले, "आम्ही वेढा घालून बसायचो. डोंगर काय किल्ला हाय का?"

पुढं त्यांनी वेगळी रीत धरली. दोन माणसं, एक दोर, पाठीवर चार-पाच दिवसांचं सामान. हवा चांगली आहे तोवर एका दमात वर जायचं आणि हवा बिघडायच्या आत खाली यायचं. हमाल नाही, मधले तळ नाहीत, प्राणवायूची नळकांडी नाहीत. ते सांगायचे, जेवढं जास्त घ्याल तेवढं हळू जाल, आणि जेवढं हळू जाल तेवढं जास्त लागतं. अशी त्यांनी बारा वर्षांत डझनभर शिखरं केली. त्यातल्या दोन कड्यांवर त्यांच्याआधी कुणाचा पाय लागला नव्हता. बाहेरच्या देशांतल्या मासिकांत त्यांच्यावर लेख आले. इकडं अंबड-घनसावंगीत कुणाला काही माहीत नव्हतं, कारण त्यातल्या एकाही डोंगराचं नाव आपण ऐकलेलं नाही.

हे त्यांच्या सत्काराच्या दिवशी चांगलंच कळलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी टूम काढली. शाल, श्रीफळ आणि दोन माणसांनी उचलून आणलेलं एक लाकडी स्मृतिचिन्ह. प्रमुख पाहुण्यांनी माइकवरून विचारलं, "तर मंग, एव्हरेस्टवर किती वेळा?"

सर म्हणाले, "गेलो न्हाई."

मंडपात चुळबुळ झाली. पाहुणे सावरून म्हणाले, "हरकत नाही, प्रयत्न करत राहा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "वर गेलेले लई हायेत. मी परत आलो." आणि बसले. शाल त्यांनी शिपायाच्या आईला दिली. ते लाकडी चिन्ह अजून आमच्या ऑफिसात आहे. दाराला अडसर म्हणून लावतो.

परत आलो, हे ते ज्या आवाजात बोलले तो मला त्या दिवशी नीट कळला नाही. तो कळायला विहीर पडावी लागली.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शाळेपासून एक-दीड किलोमीटरवर एका मळ्यात विहीर आणखी खोल खणायचं काम चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत ओरडा आला की वरची माती ढासळली आणि एक मजूर आत अडकला. आम्ही सगळे धावलो. आठ परस, म्हणजे पन्नास फुटांच्या आसपास खोल विहीर. खालच्या खडकाच्या कपारीवर तो माणूस पडलेला, पाय दगडाखाली. काठावर माती उचलायचं क्रेन उभं होतं, पण त्याच्या पायाखालीच भेग गेली होती. क्रेन सुरू केलं असतं तर तेच आत गेलं असतं. जालन्याहून अग्निशमनची गाडी यायला तास-दीड तास. आणि काठावर हे दोनशे माणूस वाकून बघतंय, निम्म्यांच्या हातात मोबाइल.

सर शाळेच्या कपाटातून आपला दोर घेऊन आले होते. करंगळीएवढा जाड. ते आधी विहिरीत डोकावलेच नाहीत. लोकांकडं तोंड करून म्हणाले, "मागं सरा. तुमच्या वजनानं पडून राह्यली माती." कुणी हललं नाही. तेव्हा ते प्रत्येकाच्या छातीला हात लावून मागं ढकलत गेले, सरपंचांनाही. पलीकडच्या बाजूला जुनं दगडी बांधकाम शाबूत होतं, तिथं कडुलिंबाला त्यांनी दोर बांधला आणि चपला काढून उतरले. मी त्यांना उतरताना पाहिलं. घाई नव्हती, पण मधे कुठं थांबणंही नव्हतं. आपण जिना उतरतो तसे.

खाली त्यांनी पहारीनं दगड कलता केला, त्या माणसाचा पाय सोडवला, त्याला दोराच्या फासात बसवलं. वरून सहा जणांनी ओढायचं आणि सरांनी खालून आवाज द्यायचा. "घ्या. थांबा. घ्या." तो माणूस वर आला, पाय मोडलेला, तोंडात माती, पण जिता. दोर परत खाली सोडला तेवढ्यात वरचा आणखी एक थर सुटला आणि धप्पकन आवाज आला. धुळीत काही दिसेना. एक बाई माझा दंड धरून उभी होती, ती त्या मजुराची बायको होती हे मला मागून कळलं. मग दोर ताणला गेला आणि सरांचं डोकं वर आलं. केस मातीनं पांढरे.

लोक मजुराभोवती गोळा झाले. सर पाइपाच्या पाण्यानं हात धुऊन लिंबाखाली बसले. मी तांब्या घेऊन गेले तर त्यांनी तो न पिताच शेजारी ठेवला. मी म्हटलं, "झालं सर. वाचला तो."

"हा वाचला," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा एक जोडीदार होता, रतन, तिकडच्याच पहाडातला. सगळे डोंगर दोघांनी मिळून केलेले. एका मोठ्या कड्याखाली सामान बांधत होते. वर पाणी नसतं, बर्फ वितळवावा लागतो, त्याला गॅस लागतो. रतन म्हणाला, दोन डबे घेऊ. हे म्हणाले, एक बस्स.

"पावणेचारशे ग्रॅमचा डबा, मॅडम. तंबूच्या बाहेर एका दगडावर ठिवला. निघताना दोनदा बघितला त्याच्याकडं."

शिखर झालं. उतरताना वादळात सापडले. एका अरुंद पायरीवर तीन दिवस तंबूत पडून. दुसऱ्या दिवशी गॅस संपला. पाणी नाही, आणि अंगात पाणी नसलं की थंडी आधी पायाची बोटं खाते. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा रतनला उभं राहता येत नव्हतं.

"मंग?"

"मंग खाली आलो."

"कसे?"

"आलो कसे तरी." ते हाताकडं बघत होते. "दवाखान्यात त्याची दोन्ही पायांची बोटं काढली. मी एकदा बघायला गेल्तो. पट्ट्या बांधलेले पाय बघितले अन् स्टेशनवर आलो. तवापासून इथं हाय. फोनचं कार्ड बदललं."

"त्याला एकदा फोन तरी करायचा," मी म्हटलं.

"काय बोलू?"

रुग्णवाहिकेचा आवाज आला म्हणून आम्ही उठलो.

विहिरीचं ते चित्रीकरण लोकांनी एकमेकांना पाठवलं, जसं सगळंच पाठवतात. आठवड्याभरात शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला. मी एकटीच होते म्हणून घेतला. पलीकडून हिंदीत कुणीतरी विचारलं, "वो कुएँ वाले सर आपके स्कूल में हैं?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "चेहरा नहीं दिखा. गाँठ देखी." झाडाला बांधलेली गाठ पाहून त्यानं ओळखलं होतं. मी नाव विचारलं नाही, मला कळलंच होतं. "उनसे मत कहना," तो म्हणाला, "मैं आ रहा हूँ."

मी सरांना सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. सांगितलं असतं तर ते निघून गेले असते, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी रतन आला. बुटका, लाल गालांचा, उन्हानं पार उकडलेला माणूस. टाचांवर चालायचा, लहान लहान पावलं टाकत, चिखलातून जपून चालावं तशी. सर मैदानावर खो-खोच्या पाट्या आखत होते. रतन मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. हाक मारली नाही. सरांनी मान वर केली आणि आधी त्याच्या पायांकडं बघितलं. खूप वेळ. मग चुन्याचं घमेलं खाली ठेवून ते जवळ गेले. मी व्हरांड्यात होते. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. सर म्हणाले, "खाना खाया?"

रतन म्हणाला, "आठ साल बाद पूछ रहे हो."

तो चार दिवस राहिला. पहिले दोन दिवस वडिलांच्या दुकानात पंख्याखाली झोपूनच होता. म्हाताऱ्यांनी त्याचे बूट पाहिले. पुढं चिंध्या कोंबलेल्या. टेप काढून ते त्याच्या पायाशी जमिनीवर बसले. रतन पाय मागं घ्यायला लागला. म्हातारे म्हणाले, "असू दे की. बोटं न्हाईत तर न्हाईत, टाच तर हाय. टाचंवरून बी माप घेता येतं." आणि नव्या कापसाच्या दोन गाद्या त्याच्या बुटात बसतील अशा शिवून दिल्या. रतनला मराठी येत नव्हतं, म्हाताऱ्यांना हिंदी. तिसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी तासभर बोलत बसलेले मी पाहिले.

चौथ्या दिवशी मी त्याला नववीच्या वर्गात नेलं. सर बाहेर होते. पोरांनी पाय दाखवा म्हटलं, त्यानं दाखवले. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, मग तुम्ही खाली कसे आलात? रतन हिंदीत बोलला, मी इथं मराठीत सांगते.

"तुमच्या सरांनी तंबू तिथंच टाकला. शेगडी टाकली. दोघांच्या पिशव्या टाकल्या. दोरानं मला कड्यावरून खाली सोडलं आणि कडा संपल्यावर दोरही टाकला. मग मला पाठीवर घेतलं. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्यांच्या पोटात पण काही नव्हतं. मी म्हणायचो, मला ठेवा आणि माणसं घेऊन या. ते उत्तरच द्यायचे नाहीत, नुसते पावलं मोजायचे. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. शेवटी पाच-पाच. माझं वजन तेव्हा बासष्ट किलो होतं."

रतननं मोजे चढवले. मग माझ्याकडं बघून, पोरांना कळू नये अशा हळू आवाजात म्हणाला, पाय गेले त्याचं आता काही वाटत नाही. पण एवढं वागवून आणलं आणि हॉस्पिटलात ठेवून गेला तो गेलाच, त्याचा राग आला होता. म्हणून आलो.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. म्हटलं, "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"त्यात सांगण्यासारखं काय हाय?" ते म्हणाले. "डबा घेतला असता तर उचलायची पाळी आली असती का?"

मी नुसती त्यांच्याजवळ उभी राहिले, घंटा होईपर्यंत.

जूनमध्ये त्यांची कंत्राटी जागा पुढं मंजूर झाली नाही. खेळाचा तास आता मीच घेते, म्हणजे पोरांना मैदानात सोडून सावलीत बसते. ते तिकडं गेले, रतनच्या गावी. दोघं मिळून तिथल्या पोरांना चढायला शिकवतात, असं म्हातारे सांगतात. फोन करतात म्हणे, आठवड्याला.

पण मला सारखा आठवतो तो रतन गेला तो दिवस. घनसावंगीच्या स्टँडवर आम्ही तिघं. एसटी लागली. तिची पहिली पायरी उंच, आणि बोटं नसलेल्या पायाला तिथं जोर देता येईना. रतननं दांडा धरून दोनदा प्रयत्न केला. मागं माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "चला जल्दी, टाइम झाला."

सर काही बोलले नाहीत. रतनपुढं पाठ करून खाली वाकले. रतननंही काही विचारलं नाही, दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. सर उठले आणि दोन पायऱ्या चढून त्याला खिडकीजवळच्या सीटवर ठेवून आले. बस हलली. रतननं हात केला. सरांनी हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी ते स्टँडचा खांब धरून उभे होते.

जीपवाला आमच्या नावानं ओरडत होता. मी म्हटलं, "चला सर, जीप निघाली."

"थांबा जरा, मॅडम," ते म्हणाले. "दम लागला."

मी थांबले. ती जीप गेली. मग दुसरी आली, ती पण गेली.